अकरा फोटो आणि एक नळ

माझा धंदा फ्लेक्सचा. वाढदिवस, निवड, नियुक्ती, साक्षगंध, तेरवी, माणसाचं काहीही झालं की पहिला फोन धम्मरत्नला, म्हणजे मला. इतकी वर्षं हे करून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. फ्लेक्स कोणी वाचत नाही, फ्लेक्सवर फक्त असायचं असतं. वरच्या पट्टीत कोण, मधे कोण, खालच्या शुभेच्छुकांच्या गर्दीत कोण, कुणाचा चेहरा कुणापेक्षा बोटभर मोठा, यावरून आमच्या गावात सख्ख्या चुलतभावांचं बोलणं बंद झालेलं आहे. तारीख चुकली तर कोणी विचारत नाही. फोटो चुकला तर मला दुकानाचं शटर ओढून घरी बसावं लागतं. हे सगळं मी मुकाट्यानं सोसतो, कारण माझं पोट त्यावर आहे. पण हेच खूळ तौसीफच्या कामात घुसलं तेव्हा माझं डोकं जे सरकलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. वाशीम जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आधी माझ्या दुकानाचा नळ कापतील.

तौसीफ हा आमच्या गल्लीतल्या मेहबूबचाचांचा मुलगा. चाचा पिंजारी, गावातल्या अर्ध्या लग्नांच्या गाद्या त्यांच्या हातच्या. ते गेले तेव्हा तौसीफ पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. आई एकटी पडली म्हणून तो परत आला, आणि ज्या खोलीत चाचा कापूस पिंजायचे तिथंच टेबल टाकून, कानांवर हेडफोन चढवून कंपनीचं काम करू लागला. स्वभावानं गरीब, पण हट्टी. राग आला की हा ओरडत नाही; चष्मा काढतो आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसतो. गेल्या वर्षभरात त्यानं तो चष्मा इतका पुसला आहे की काचा अजून शाबूत कशा, याचंच मला नवल वाटतं.

त्याची आई अमीनाबी, माझी चाची. चाचीबद्दल सांगायचं तर आधी नळाबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे 'पाणी आलं' असं कोणी म्हणत नाही. 'नळ आला' म्हणतात, मोठा पाहुणा आल्यासारखं. आणि या पाहुण्याचा काही नेम नाही. कधी तिसऱ्याच दिवशी येतो, कधी दहा दिवस तोंड दाखवत नाही. धरणात पाणी असलं तर पंपाला लाईन, म्हणजे वीज, नसते. लाईन असली तर पाईप फुटलेला असतो. आला की तासभर थांबतो आणि जातो. त्या तासात जी बाई घरात नाही, तिचे पुढच्या नळापर्यंत हाल कुत्रं खात नाही. टँकर आमच्या गल्लीत शिरत नाही. गल्ली एवढी चिंचोळी की मला माझा फ्लेक्ससुद्धा गुंडाळून न्यावा लागतो.

चाचीच्या घरात दोन ड्रम मावतात. त्यात आठवडा कसाबसा निघतो. म्हणून ती नळाची तोटी कायम उघडी ठेवते आणि खाली पितळेची परात उपडी घालते. आधी पाईपातून हवा सूं सूं करते, मग पहिली धार परातीवर आदळते. त्या आवाजावर तिचं घर चालतं. स्वयंपाक, नमाज, दुपारची झोप, सगळं एक कान परातीकडे ठेवून. तौसीफ म्हणायचा, "अम्मी, मी हाय ना घरी. मी भरतो." एकदा तिनं भरवसा ठेवला. नळ आला, तासभर परात बडवून निघून गेला, आणि हा आत हेडफोन लावून अमेरिकेतल्या कुणाला तरी बटणाचा रंग समजावून सांगत होता. तेव्हापासून चाचीचा ठराव पक्का. "कानात बोंडं घालून बसनाऱ्याच्या भरवशावर नळ सोडत नसतात."

हे असंच चालत राहिलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात आसेगावला चाचीच्या मोठ्या बहिणीला लकवा मारला. तिला सगळे आपा म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा चाचीला याच आपानं कडेवर वाढवलं. आता आपाची उजवी बाजू गेली, वाचा गेली, नुसती डोळ्यांनी बघते. मुलं-सुना करतात, पण चाचीचा जीव तिकडे लागलेला. आसेगाव बसनं तासाभरावर. चाचीला एकच हवं होतं, आपाच्या खाटेशी चार दिवस बसायचं, तिचं डोकं विंचरायचं, दोन घास भरवायचे. तेवढं तिला जमत नव्हतं. नळ झाला की सकाळी जायची आणि संध्याकाळी धापा टाकत परत. तिसऱ्या दिवशी नळ आला आणि चुकला तर मग दहाव्या दिवसापर्यंत काय करायचं? "नळ झाला की जाते" हे वाक्य ती इतक्यांदा म्हणायची की पुढे पुढे मला ते ऐकवेना.

तौसीफलाही ऐकवेना. म्हणून त्यानं तो प्रोग्रॅम लिहिला.

नळ सोडायचं काम भिवाजीकडे. मोठी लोखंडी चावी घेऊन तो सायकलवर फिरतो आणि एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतो. त्याच्या फोनला उसंत नाही. गावातल्या प्रत्येक बाईकडे त्याचा नंबर आहे आणि प्रत्येकीचा प्रश्न एकच. "तौसीफभाऊ," तो एकदा कावून म्हणाला, "मी व्हॉल्व्ह फिरवू का फोन उचलू? जेवतानी फोन, मयतीत फोन. आन् मलेच माहीत नसते ना, वरून टाकी कवा भरते ते!" तौसीफनं त्याच्या फोनवर दोन बटणं करून दिली. व्हॉल्व्ह उघडला की एक दाबायचं, टाकी भरली नाही किंवा पाईप फुटला की दुसरं. कोणत्या गल्लीनंतर कोणती, हे ठरलेलंच आहे. तेवढ्यावरून प्रोग्रॅम सांगायचा की तुमच्याकडे आज येतो की नाही, उद्या येतो की परवापर्यंत विसरा. महिन्याभरात सगळं चालू झालं. त्यानं ते सगळ्यांसाठी फुकट खुलं ठेवलं, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही गावानं उचलावं आणि आपला नळ जोडावा. प्रोग्रॅमला महिना लागला. होम पेज मात्र सहा महिने होईना.

पहिलं होम पेज त्यानं माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. पांढरं पान. वर ठळक अक्षरात 'नळ कधी येणार?' आणि खाली गल्ल्यांची नावं, लोक म्हणतात तशीच. पिंजार गल्ली, टाकीमागे, विहाराजवळ, जुनी कचेरी. नावावर बोट ठेवलं की उत्तर. संपलं. मला तर अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं. एवढी मोकळी जागा आजवर मी कुणाला सोडू दिली नव्हती.

"खाली काहीच नाही?" मी विचारलं.

"धम्माभाऊ, आपल्या गल्लीतल्या साऱ्या बायाईले मी विचारलं, तुमाले यात काय पायजे. सगळ्या एकच बोलल्या. मंग ते पह्यले दाखवावं आन् बाईले मोकळं करावं. ती काय इथं राह्यले येऊन राह्यली?"

मला पटलं. धंद्याच्या विरुद्ध होतं, तरी पटलं. पण भिवाजी पालिकेचा माणूस, पाणी पालिकेचं, तेव्हा परवानगी पालिकेचीच लागणार. आणि तिथं अध्यक्ष मोहनसिंग.

मोहनसिंग माणूस वाईट नाही. मयतीला पहिला येतो, दवाखान्यात गाडी पाठवतो. पण त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मीच छापतो, त्यामुळे त्याचं दुखणं मला ठाऊक आहे. तौसीफचं पान त्यानं मोबाईलवर पाहिलं. बोटानं वर सरकवलं. काही नाही. पुन्हा सरकवलं.

"बाकीचं कुठं हाय?"

"बाकीचं नाई साहेब. एवढंच."

"म्हंजे अधुरं हाय."

"पुरं हाय साहेब."

मोहनसिंग माझ्याकडे वळला. "धम्मा, तू सांग याले. होम पेज म्हंजे कॉम्प्युटरमधला फ्लेक्सच ना?"

मी म्हणालो, "नाही अध्यक्षसाहेब. फ्लेक्स चौकात असते, मानूस आपल्या कामानं जाता जाता पाह्यते. इथं मानूस काम घेऊन येते."

"तेच तं!" तो खूश झाला. "येतेच, तं मंग पाह्यल ना आमाले!"

तौसीफनं चष्मा काढला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. आधी अध्यक्षांचा फोटो आला. अध्यक्षांचा आला म्हणून उपाध्यक्षांचा. मग सभापती. मग विरोधी गटाचे दोघं म्हणाले, पाणी काय फक्त सत्ताधाऱ्यांचं आहे का? तेही आले. होता होता अकरा फोटो झाले. सगळे हात जोडलेले, सगळे माझ्याच दुकानात काढलेले. ते एकावेळी मावेनात, म्हणून एकामागून एक आपोआप सरकतील असं ठरलं. मग पहिला कोण सरकणार यावर दोन बैठका झाल्या. फोटोंखाली अध्यक्षांचं मनोगत. त्याखाली गावाचा इतिहास. त्याखाली झाड लावतानाचा एक फोटो. ते झाड केव्हाच वाळून गेलं, पण फोटो हिरवागार.

आणि कार्यालयातले मोठे बाबू म्हणाले, 'नळ' हा शब्द बरा दिसत नाही, अगदीच घरगुती वाटतो. त्यांनी 'जल वितरण नियोजन' करून दिलं. गल्ल्यांची नावंही घरगुती, म्हणून त्यांच्या जागी झोन. आमची पिंजार गल्ली झोन तीन (ब) आहे, हे त्या दिवशी मला कळलं. जन्म गेला इथं, पण कधी कुणी सांगितलं नव्हतं. तौसीफनं निदान शोधायची एक चौकट ठेवून घेतली. त्या चौकटीत मी 'नळ' असं लिहून पाहिलं, तर उत्तर आलं, 'नळपट्टी थकबाकी'.

"माहिती आत हाय," तौसीफ माझ्या दुकानात बसून म्हणाला. आवाज शांत, हातात चष्मा. "भिवाजी इमानदारीनं बटन दाबून राह्यला. सगळं बरोबर हाय. पन दाराले कुलूप लावलं आन् चाबी फोटोमागं ठेवली. मी कोनासाठी केलं हे, धम्माभाऊ?"

मी त्याला चहा पाजला आणि अध्यक्षांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

उद्घाटन सभागृहात झालं. हार, नारळ, मोठा पडदा. पडद्यावर अध्यक्ष हात जोडून उभे, आणि पडद्याखाली अध्यक्ष हात जोडून उभे. टाळ्या झाल्या. मग बायकांना सांगितलं की आपापल्या मोबाईलवर उघडून बघा. चाची पुढच्या रांगेत होती. तिनं चष्म्यातून डोळे बारीक करून फोन पाहिला, जवळ नेला, लांब धरला.

"मोहनसिंगभाऊ, यात माहा नळ कुठं हाय?"

"खाली हाय चाची. खाली जा."

चाचीनं बोट फिरवलं. "इथं तं झाड आलं."

"अजून खाली."

"किती खाली जाऊ बापा? एवढं खाली गेली असती तं हिरीलेच पानी लागलं असतं."

सभागृह हसलं. मोहनसिंगही हसला, त्याला वाटलं कार्यक्रम रंगला. तौसीफ भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही, आणि मला वाटतं चाचीही विनोद करत नव्हती.

त्या आठवड्यात आसेगावहून फोन आला की आपा खात नाही, डोळे सारखे दाराकडे असतात. मला तिकडे निवृत्तीच्या सत्काराचा एक फ्लेक्स पोचवायचा होता. मी म्हणालो, चाची, माझ्या गाडीत बसा, तौसीफलाही घेऊ. नळ होऊन तीनच दिवस झालेले. चाची निघेना. तौसीफनं शपथ घेऊन सांगितलं की आज नळ येत नाही, भिवाजीनं सकाळीच बटण दाबलंय, टाकी भरलेली नाही. चाची म्हणाली, "मले दाखव." त्यानं पालिकेचं पान उघडलं. फोटो सरकू लागले. नेट मंद होतं. पाचवा चेहरा अर्धा येऊन अडकला. चाचीनं फोन त्याच्या हातात परत दिला आणि भिवाजीला लावला. भिवाजीचा फोन व्यस्त.

तरी ती गाडीत बसली. पण त्याआधी परत एकदा घरात जाऊन परात नीट लावून आली.

आसेगावला आपा ओसरीतल्या खाटेवर होती. सुनेनं उशीला टेकवून बसवलेलं. चाचीला पाहताच तिचा डावा हात उठला. चाचीनं तो दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. मग आपाचे ओठ हलू लागले. सून पुढे आली, म्हणाली, लकवा मारल्यापासून बोललेल्या नाहीत. आम्ही सगळे खाटेभोवती जमलो. आपाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि शब्द आला.

"नल..."

सुनेला वाटलं पाणी मागते. ती धावत तांब्या घेऊन आली. आपानं मान हलवली. पुन्हा जोर लावला.

"नल... कौन भर रा?"

मी बाहेर बघायला लागलो. इतके महिने मुकी पडलेली बाई, आणि परत आलेलं पहिलं बोलणं हे. पण दुसरं काय विचारणार होती? आमच्याकडे बाई बाईच्या घरी गेली की पहिला प्रश्न हाच असतो. घरी नळापाशी कोण आहे?

"तौसीफ है ना," चाची घाईनं म्हणाली. "तौसीफ भर रा."

आपाचे डोळे हळूहळू वळले. तौसीफ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग बहिणीकडे. चाचीनं मान खाली घातली. आणि आपानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, आणि त्या एकाच चालत्या हातानं तिला दाराकडे ढकललं. जा.

चाची दुपारीच माझ्या गाडीत परत आली. रस्ताभर पदरानं तोंड झाकून. त्या दिवशी नळ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

आसेगावहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी तौसीफ माझ्या दुकानात आला तो बसलाच नाही. "मी पान बदलून राह्यलो," म्हणाला. "मंग हाकलून देऊ दे." मी म्हणालो, थांब. हाकलून दिल्यानं काही होत नाही, रात्रीतून फोटो परत येतील. अध्यक्षांचं दुखणं फोटो न दिसण्याचं आहे ना? मग ते दाखवू. मी पालिकेपुढच्या चौकात लावायला एवढा मोठा फ्लेक्स करून दिला की तो बांधायला बांबू कमी पडले. अकराही चेहरे, अध्यक्षांचा दीडपट. खाली 'घरबसल्या नळाची माहिती'. मोहनसिंग रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ पाहत उभा राहिला. मी हळूच म्हणालो, "साहेब, एवढे फोटो इथं हायेतच, तं मोबाईलवरचे जरा कमी करू का? नेटवर लय अडकतेत, चेहरे अर्धेच येतेत." अर्ध्या चेहऱ्याचं ऐकून तो दचकला. "काढ, काढ," म्हणाला.

आणि पांढरं पान परत आलं. 'नळ कधी येणार?' खाली पिंजार गल्ली.

तो पंधरवडा मी विसरणार नाही. भिवाजी भर दुपारी माझ्या दुकानासमोर सायकल लावून डबा खाताना दिसला, आणि फोन वाजला नाही. गल्लीतल्या बायका पान उघडायच्या, बघायच्या, फोन पदरात टाकून कामाला लागायच्या. कोणी त्यावर तौसीफचं नाव शोधलं नाही, कोणी कौतुक केलं नाही. त्याला तेच हवं होतं. आणि चाची आसेगावला गेली. चार दिवस राहिली. ती सांगते, आपा रोज सकाळी विचारायची, "नल?" आणि ती फोन तिच्या डोळ्यांसमोर धरायची: आज नाही. मग आपा डोळे मिटून डोकं विंचरू द्यायची. चौथ्या दिवशी पानावर 'उद्या सकाळी' आलं, आणि चाची संध्याकाळच्या बसनं आली. सकाळी नळ आला. ती तोटीपाशी उभी होती, आणि खाली परात नव्हती. तिनं ती घासून मांडणीवर ठेवली होती.

मग पाईप फुटला. मोठा, टाकीजवळचा. पानानं सांगितलं, तीन दिवस नळ नाही. खरंच तीन दिवस आला नाही. पण आधी लोकांना हे कळायचंच नाही. ते नशिबाला दोष देत बसायचे. आता सगळ्यांनी एकाच वेळी वाचलं आणि पालिकेत तक्रारींचा ढीग पडला. दुरुस्ती लवकर का नाही, आमच्या गल्लीचाच नंबर शेवटी का, माणसं कमी का. प्रश्न सगळे रास्त होते. मोहनसिंगनं तौसीफला बोलावून घेतलं. मीही होतो, त्याच्या वाढदिवसाचा मजकूर घ्यायला गेलो होतो.

"हे पाय तौसीफ," तो समजुतीनं म्हणाला. "फोटो होते तवा एक तक्रार नव्हती. फोटो काढले आन् हे सुरू झालं. मंग चूक कशात हाय, तूच सांग."

मला वाटलं आता तौसीफ टेबल उलथवणार. त्यानं चष्मा काढला. फोटो होते तेव्हा कोणाला काही दिसतच नव्हतं, हे मीच ओरडून सांगितलं. मोहनसिंग म्हणाला, "धम्मा, तू तुह्या बॅनरचं पाय." त्याच संध्याकाळी अकराही चेहरे परत आले. मनोगत आलं, वाळलेलं झाड आलं, झोन तीन (ब) आला. भिवाजीचा फोन रात्रंदिवस वाजू लागला. आणि चाचीनं परात मांडणीवरून काढून पुन्हा तोटीखाली घातली.

परवा मी छापलेला फ्लेक्स दाखवायला पालिकेत गेलो. अध्यक्षांच्या खोलीत सभापती होते, मोठे बाबू होते. तौसीफ कोपऱ्यात उभा होता. पान निदान दोन भागांत तरी करू द्या, फोटो वेगळे आणि नळ वेगळा, म्हणून तो पाचव्यांदा अर्ज घेऊन आला होता आणि पाचव्यांदा त्याला बसा म्हटलेलं नव्हतं. तेवढ्यात दारातून चाची आत आली. बुरखा, हातात कापडी पिशवी, पायात प्रवासाच्या चपला. आसेगावची बस लागायची होती.

"या चाची," मोहनसिंग उठून म्हणाला. "आता काय तक्रार हाय?"

"तक्रार नाही बापा. आपाची तब्येत जास्त झाली. मी चाल्ली तिकडं, चार-आठ दिवस लागतीन." तिनं पिशवीतून फोन काढला, पालिकेचं पान उघडलं आणि टेबलावरून त्याच्यासमोर धरला. पडद्यावर अध्यक्ष हात जोडून उभे होते. "मी येतपावतर माह्या घरी नळापाशी बसाले मानूस पायजे. यात अकरा जन हायेत, मी मोजले. सांग बरं, यातला कोन भरते?"

मोठे बाबू खिडकीबाहेर बघू लागले. चाची फोन तसाच धरून उभी होती, आणि तेवढ्यात अध्यक्षांचा फोटो आपोआप सरकला आणि पुढचा आला.